बाबांचा जुना डोंगा परत पाण्यात उतरवायचाय, तेल लावू का फायबर मारू?

वैनगंगेचा पोऱ्या | ६ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पवनी तालुक्यातला आहे, गाव अगदी नदीकाठी. गोठ्यामागे बाबांचा डोंगा सहा वर्षांपासून उपडा पडून आहे, त्याला या उन्हाळ्यात नीट करून पावसाळ्यात पाण्यात टाकायचं डोक्यात घेतलंय. १८ फूट लांब, मधात साडेतीन फूट रुंद, फळ्या सागवानी, आतले बाकदार आडवे लाकूड बाभळीचे. एके काळी यातून मासेमारी पण व्हायची आणि लोकं, सायकली, बकऱ्या, एकदा तर अख्खं लग्नाचं आंदण पार गेलंय. मग गोसीखुर्द धरणाचं पाणी अडलं, नदीचा समुद्र झाला, आणि वरती आंभोऱ्याला २०२४ मधे पूल सुरू झाल्यापासून तर पार जायला डोंगा हा विषयच संपला. पण आम्हाला मासेमारीला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर बाबांचे गुडघे गेलेत, ते रोज खाटेवर बसून त्या डोंग्याकडे पाहतात ते मला पाहवत नाही.

हालत सांगतो. फळ्यांच्या सांध्यांत पेन्सिल जाईल एवढ्या फटी. तळाला जुना डामर, पापुद्रे निघतात. खिळ्यांच्या भोवती लाकूड काळंनिळं पडलंय. मागच्या टोकाला उधई लागलेली दिसते. बाबा म्हणतात डामर मार आणि सोड. मित्र म्हणतो फायबर मार, वीस वर्षं पाहायचं काम नाही. आमच्या गावात राळ लावणारे जे म्हातारबुवा होते ते गेले, आणि त्यांच्यासोबत त्यांची रीत पण गेली. फटी आताच पुट्टीने भरायला घेऊ का?

वऱ्हाडी ठेचा | ६ मार्च, रात्री १०.०५

कायले एवढी डोक्याले कल्हई करून रायला भाऊ, फायबरची नवी घे अन् जुन्याची हॉटेलवाल्याले शो साठी इकून टाक. नागपूरच्या हायवेले अशा डोंग्यात भजे ठेवतेत आजकाल. 😄

मिरची भिवापुरी | ६ मार्च, रात्री १०.२०

ठेचाभाऊ तुम्ही गप बसा. पोऱ्या, तू कर रे. माझ्या माहेरी तलावात शिंगाडे काढायला लहान डोंगे असायचे, आजोबा उन्हाळ्यात ते चक्क दगड टाकून बुडवून ठेवायचे. मी लहानपणी रडले होते की डोंगा बुडाला म्हणून.

झाडीचा सुतार | ७ मार्च, सकाळी ६.१५

मिरचीताई बरोबर सांगून रायली. तो डोंगा बुडाला नव्हता, त्याले जगवला होता. लाकडाची नाव सुकली की फाटते, ओली राहिली की सांधा मिटते. म्हणून पोऱ्याभाऊ, पहिली गोष्ट ध्यानात ठेवा जी, सुकल्या फटीत पुट्टी ठासू नका. आज पेन्सिल जाते ती फट पाण्यात चार दिवसांत केसाएवढी होते. तुम्ही तिथे दगडासारखं काही भरलं तर फुगणाऱ्या फळीला जायला जागा नाही, मग ती खिळा उपटते नाहीतर बाकालाच, म्हणजे आतल्या त्या आडव्या वाकड्या लाकडाले, चिरते. माझ्या हातून हे झालेलं आहे म्हणून सांगतो.

आधी एक काम करा. पेचकस घ्या अन् पूर्ण डोंग्याला दर वितीवर टोचा. चांगलं सागवान टोचलं तर टण् करते, पेचकस परत फेकते. सडलं असेल तर लोण्यात गेल्यासारखं जाते. दोन्ही टोकं, अन् आतले बाक जिथे तळाला टेकतात ती जागा, तिथे जास्त टोचा. चिखल तिथेच बसून राहते. डोंगा ऊन लागते तिथे असेल तर आजच सावलीत ओढा. मार्च आहे, पुढच्या महिन्यात आपलं ऊन काय करते तुम्हाला सांगायला नको.

फायबरवाला | ७ मार्च, दुपारी १.३०

मी फायबरचं काम करतो म्हणून म्हणत नाही, पण जगात सगळीकडे जुन्या बोटींना ग्लास मॅट (काचतंतूचं कापड) आणि रेझिन (त्यावर लावायचं, वाळून कडक होणारं द्रव्य) मारतात. एकदा मारलं की गळती बंद, उधई बंद, दरवर्षीचं तेलपाणी बंद. जुन्या पद्धती चांगल्या होत्या कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं. खर्च एकदाच.

बुटीबोरीकर | ७ मार्च, दुपारी ३.१०

पेंटच्या कारखान्यात बारा वर्षं झाली, त्यामुळे यात थोडं बोलतो. फायबर वाईट नाही, नव्या प्लायच्या नाहीतर पट्ट्या चिकटवून केलेल्या बोटीवर उत्तम, कारण तिथे लाकूड हलत नाही. इथे प्रत्येक फळी वेगळी, खिळ्याने बाकाला धरलेली, आणि पाणी पिऊन-सुकून ती वर्षभर हलते. वरचं कवच मात्र हलत नाही. शिवाय सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यावर साधं पॉलिस्टर रेझिन नीट धरतच नाही, इपॉक्सी लावायची तरी आधी ॲसिटोनने पुसावं लागतं आणि लाकूड आतपर्यंत कोरडं लागतं. सांध्यावर एक केसाएवढी चीर पडली की पाणी आत जातं आणि कवचामुळे बाहेर येत नाही. मग बुरशीची मजाच मजा.

झाडीचा सुतार | ७ मार्च, रात्री ८.००

फायबरवाले भाऊ राग मानू नका, मीच केलेलं सांगतो. एका तलावावरच्या डोंग्याला मी स्वतः मॅट लावून दिली होती, लोकं खुश, मी खुश, चकचकीत निळा रंग. दोन पावसाळे झाले अन् एक दिवस तळाला पाय टेकवला तर फायबर नुसतं वाकलं. कापून पाहिलं तर आतली फळी हाताने निघाली, चहाचा चोथा असते ना तशी, वासही तसाच आंबूस. बाहेरून खरचटलेलं पण नव्हतं. त्या लोकांचे पैसे मी हप्त्याने परत केले.

फायबरवाला | ७ मार्च, रात्री ९.१५

तुमचं लाकूड ओलं असणार. पण ठीक आहे, फळ्या हलतात हा मुद्दा मान्य.

वैनगंगेचा पोऱ्या | ११ मार्च, रात्री १०.३०

मंडळी, डोंगा चिंचेखाली ओढला, आठ माणसं आणि एक ट्रॅक्टर. टोचून पाहिलं. मागच्या टोकाला हातभर फळी गेलेली आहे, पेचकस दांड्यापर्यंत आत. दोन बाक तळाशी मऊ. बाकी सगळं टण्. बाबा खाटेवरून प्रत्येक टण् मोजत होते.

एक प्रश्न, डाव्या अंगाची एक फळी बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे, जड, लालसर. बाबांना आठवत नाही कोणी टाकली. आणि बुरशीसाठी शेजारी संत्र्याचा बगीचावाला म्हणतो मोरचूद अन् चुना लाव, झाडाच्या बुंध्याला लावतो तसं. लावू?

झाडीचा सुतार | १२ मार्च, सकाळी ६.००

त्या लाल फळीचा रंध्याने बारीक छिलका काढा, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर टाकून ठेवा, सकाळी उन्हात धरा अन् काय रंग दिसते ते सांगा. बाकी मग बोलतो.

बुटीबोरीकर | १२ मार्च, सकाळी ११.२०

मोरचूद नको. तांबं लोखंडी खिळ्यावर बसतं आणि खिळा खातं, आणि माशांनाही ते विष आहे, तुम्ही त्याच डोंग्यात मासे आणणार. त्यापेक्षा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून आतून, टोकांना, नव्या कापलेल्या लाकडाला दोन-तीन हात मारा, उधई आणि बुरशी दोन्हीला चालतं. मात्र ते पाण्यात धुऊन जातं, म्हणून तेल-राळ लावायच्या आधी, लाकूड सुकू द्या, मग वरून बंद करा. पाण्याखालच्या भागात त्याचा फार भरवसा धरू नका.

खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन. बाभळीत टॅनिन भरपूर, तिच्या सालीने कातडं कमावतात उगाच नाही. हिरड्यात लोखंड टाकून शाई करायचे तीच ही शाई. डाग दिसायला वाईट, पण खरी भानगड वेगळी आहे, गंजणारा खिळा आजूबाजूचं लाकूड पण मऊ करतो. खिळा हलतो का बघा.

वैनगंगेचा पोऱ्या | १३ मार्च, सकाळी ८.१०

सुतारकाका!! पाणी सोनेरी पिवळं, आणि उन्हात तिरपं धरलं तर कडेला निळी झाक मारतं, रॉकेलवर मारते तशी. हे काय आहे?

झाडीचा सुतार | १३ मार्च, सकाळी ८.४०

बीजा. शुगरवाले लोकं त्याच लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पितेत, पाहिलं असेल. ज्याने टाकली त्याला कळत होतं. त्या फळीला हात लावू नका, ती तुमच्या सागवानाच्या बरोबरीने टिकते.

सडलेल्या जागी सागाचाच तुकडा टाका, पण तो पिकलेला, गाभ्याचा पायजे. पांढुरक्या कडेच्या लाकडाला वर्षभरात बुरशी धरते. जंगल खात्याच्या डेपोतलं किंवा पावतीवाल्या आरामशीनवरूनच घ्या अन् पावती डोंग्यापेक्षा जास्त जपा, सागाची फळी गाडीवर दिसली की नाक्यावर पहिले कागद मागतेत.

समुद्रपक्षी नागपुरात | १३ मार्च, रात्री ९.३०

मी मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीने नागपुरात. आमच्याकडे होडीला माशाचं तेल चोपडायचे, वास असा की जावई जेवायला थांबत नसे. एक गोष्ट मला इथे येऊन कळली, खाऱ्या पाण्यात लाकूड तसं टिकतं, मिठामुळे बुरशी दबून असते, खातात ते किडे. तुमच्या गोड्या पाण्यात किडे नाहीत पण बुरशी आहे, आणि नदीच्या पाण्यापेक्षा आत साचलेलं पावसाचं पाणी जास्त वाईट. तेव्हा रंगकामाइतकंच आत हवा खेळती ठेवण्याकडे लक्ष द्या. ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत वाफ धरते.

वैनगंगेचा पोऱ्या | २४ मार्च, रात्री ११.००

अपडेट. जुना डामर काढायला ग्राइंडर लावला आणि पस्तावलो, डामर तापून डिस्कला चिकटतो, फळीला चंद्रकोरी पडल्या, वरून धूळ नाकातोंडात. बाबा ओरडले. मग पहाटे पाचला, डामर थंडीने कडक असतो तेव्हा, पटाशी आणि खरवडणीने काढला. दुपारी तोच डामर च्युइंगम होतो. सात पहाटा गेल्या. खालून जे लाकूड निघालं ते मधासारखं, आणि बाबांनी कोयत्याच्या टोकाने कोरलेल्या चार रेघा निघाल्या, म्हणे एका पुरात चार फेऱ्यांत माणसं काढली त्याच्या. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

३१ खिळे हलत होते, बदलले, जस्त चढवलेले टाकले. जुन्या भोकात नवा खिळा पकडत नव्हता तर सुतारकाकांनी फोनवर सांगितलं तसं शेजारी नवं भोक गिरमिटाने पाडून मारला, जुन्या भोकात सागाची खुंटी.

आता डामराचा प्रश्न. बाबा अजून त्यावरच आहेत. रस्त्याच्या कामावरचा एक ड्रम मिळतोय, फुकटात.

बुटीबोरीकर | २५ मार्च, सकाळी १०.००

फुकट म्हणूनच घेऊ नका. रस्त्याचं डामर साधारण ४७ अंशाच्या आसपास मऊ पडायला सुरुवात होते, आणि काळी नाव मे महिन्यात उन्हात उपडी असली की तिची पाठ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ओघळणार. छपराला, टाकीला लावतात ते ८५/२५ ग्रेडचं वेगळं येतं, ते ८५ च्या आसपास मऊ होतं. आणि दगडी कोळशापासूनचं काळं डांबर, ज्याला कोलटार म्हणतात, ते तर अजिबात नको, ते कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत मोडतं.

माझ्या मते राळ आणि जवसाचं तेल. विदर्भात राहून जवस सोडून बाहेरचं काय शोधायचं. फक्त घाण्याचं खायचं कच्चं तेल नको, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि बुरशीलाही आवडतं. हार्डवेअरवाल्याकडे डबल बॉइल्ड मागा.

मिरची भिवापुरी | २५ मार्च, दुपारी २.००

जवसाची चटणी करायची सोडून डोंग्याला. असो. फटीत काय भरणार, कापूस?

झाडीचा सुतार | २५ मार्च, रात्री ८.३०

कापूस चालते, पण माझी पसंती अंबाडी. तिचा वाख (सालीचे धागे) सोडवून बारीक वळायची, सैल, दोरीसारखी घट्ट नाही. तेलात बुडवून निथळायची, अन् बोथट पटाशीने, लाकडी मोगरीने, हलक्या हाताने बसवायची. फट तीन भाग असेल तर दोन भाग भरा, वरचा एक भाग राळेला ठेवा. ठाकठाक करून ठासली तर पाण्यात गेल्यावर फळी तिला बाहेर ढकलते.

राळेचं असं. घराबाहेर, कोरड्या जागी, मंद जाळ. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकण हाताशी, भडकलं तर झाकायचं, पाणी मारायचं नाही. राळ विरघळली की जाळावरून उतरवून तेल हळूहळू घाला. किती, ते मापाने नाही सांगता येत, राळ दरवेळी वेगळी निघते. थंड पाण्यात एक थेंब टाका, गार झाला की नखाने दाबा. फुटून काच झाला तर तेल कमी आहे. बोटाला चिकटला तर राळ कमी. नख उमटलं अन् थेंब शाबूत राहिला तर झालं.

वैनगंगेचा पोऱ्या | ९ एप्रिल, रात्री १०.१५

मंडळी आज मोठं वाचलो. काल पहिला हात मारला, अर्धं जवस तेल अर्धं टर्पेंटाइन, लाकडाने असं प्यायलं की पाच लिटर कुठे गेलं कळलं नाही. हात पुसायच्या चिंध्या गोळा करून गोठ्यात कडब्याच्या बाजूला टोपल्यात टाकल्या. रात्री आईला वास आला म्हणून ती उठली, तिला वाटलं कोणी बिडी पिऊन राहिलं. टोपल्यातून धूर! आग कोणी लावली नाही, बिडी नाही, दिवा नाही. बादलीत बुडवल्या तेव्हा मधली चिंधी काळी कोळसा झालेली होती. दोन बैल आणि एक गाय बांधलेली तिथे. हात अजून थरथरतायत टाइप करताना.

बुटीबोरीकर | ९ एप्रिल, रात्री १०.४०

अरे देवा. ही चूक माझी, आधीच सांगायला पाहिजे होतं. जवस तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यात ती निघून जाते, गोळ्यात कोंडते आणि आपोआप पेटते. चिंध्या एकेक करून बाहेर तारेवर वाळत टाका, कडक झाल्या की मग फेका, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. ही सूचना या चर्चेच्या अगदी वरती कोणी जोडू शकत असेल तर जोडा.

वऱ्हाडी ठेचा | ९ एप्रिल, रात्री १०.५५

मायले आधी साष्टांग नमस्कार कर बाप्पा. मस्करी नाही करून रायलो आज.

वैनगंगेचा पोऱ्या | २ मे, रात्री ९.००

तेलाचे चार हात झाले, दर हातात तीन-चार दिवस. उन्हाची झळ लागू नये म्हणून चिंचेच्या बाजूने बारदाना बांधला. सागाचा नवा तुकडा बसवला, दोन बाक नवीन बाभळीचे, मुद्दाम वाकडी फांदी शोधून. अंबाडी भरली, आईने वळून दिली. राळ तीनदा बिघडली. पहिली काच, दुसरी गोंद, तिसरी भांड्यातच भडकली (झाकली, पाणी मारलं नाही). चौथ्या थेंबावर बाबांनी स्वतः नख दाबलं आणि म्हणाले "हां". सहा महिन्यांत पहिल्यांदा ते खाटेवरून उठून एवढं चालत आले.

वरून चमक यावी म्हणून आतल्या बाजूला पॉलियुरेथेन मारू का? दुकानदार लय आग्रह करतोय.

बुटीबोरीकर | ३ मे, सकाळी ९.३०

नको. ते टेबलासाठी, कडक असतं, फळी हलली की सांध्यावर तडकतं आणि मग पापुद्रे. बसायच्या पाटाला आणि काठाला चमक पाहिजेच असेल तर मरीन वार्निश घ्या, ते लवचिक असतं आणि त्यात ऊन अडवणारं द्रव्य असतं. तरी वर्षाआड घासून नवा हात लागेलच. तळाला आतून काहीही लावू नका, तेलच. लाकडाला एका बाजूने तरी श्वास राहू द्या.

झाडीचा सुतार | १० जून, सकाळी ६.३०

मृग लागला. पाण्यात टाकायच्या आधी दोन दिवस आत ओली पोती पसरा, पाणी शिंपडत राहा. एकदम नदीत टाकू नका. मग काठाशी गुडघाभर पाण्यात ठेवा अन् भरू द्या. घाबरू नका जी. पहिल्या दिवशी तो चाळणीसारखा गळणार आहे, उपसायला जाऊ नका, पिऊ द्या त्याला.

वैनगंगेचा पोऱ्या | १९ जून, रात्री ९.५०

टाकला. पंधराव्या मिनिटाला काठापर्यंत भरला. अख्खं गाव हसलं, एक जण म्हणाला याला टाकी म्हणून वापरा. रात्रभर मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी उपसला तर दोन तासांत निम्मा भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी घोटाभर. चौथ्या दिवशी वाटीभर पाणी, पण रात्री पाऊस पण झाला होता, त्यामुळे ते नदीचं की वरचं यावर बाबा आणि काका यांच्यात अजून भांडण चालू आहे. जिथे नवा तुकडा आहे तिथून थोडं पाझरतं, बाकी सांधे मिटले, नख जात नाही.

काल बाबांना मधात बसवून धारेपर्यंत नेलं. बोलले काहीच नाहीत. पाण्यात हात सोडून बसले आणि परत येताना म्हणाले, डावीकडे ओढतो आहे, ती बीजाची फळी जड आहे, उजवीकडे दगड ठेव.

मिरची भिवापुरी | १९ जून, रात्री १०.१०

फोटो टाक रे. आणि बाबांचा पण टाक.

झाडीचा सुतार | २० जून, सकाळी ६.००

नव्या तुकड्याचा पाझर आठ-दहा दिवसांत बसेल, नाही बसला तर दिवाळीनंतर काढून तेवढाच सांधा परत भरू. मी येतो तेव्हा. पाणी उपसायला डबा ठेवला का आत?

वैनगंगेचा पोऱ्या | २० जून, सकाळी ७.२०

ठेवला. बाबांचाच जुना, तळ गळत होता, त्यालाही राळ लावली.